उकव्याची पेज आणि कोरियाचा कॉर्नडॉग

आमच्या इंदुरात पावसाने जोर धरला आणि बाजारात कोवळी कणसे दिसू लागली, की घरोघर भुट्ट्याचा कीस होतो. कणसे किसावयाची, तुपात मोहरी-हिंगाची फोडणी करावयाची, हिरवी मिरची घालून कीस परतावयाचा, मग दूध घालून मंदाग्नीवर आटवावयाचा. वर खोबरे, कोथिंबीर आणि लिंबू. सराफ्यात रात्री तो विकत मिळतो, परंतु जुन्या मराठी घरांतून विकतच्या किसाला अजूनही कोणी मनापासून 'चांगला' म्हणत नाही. ज्याच्या त्याच्या सासूचा हात त्यात असतो. माझ्याही हाताचे कौतुक गेली पन्नासेक वर्षे होत आले आहे, आणि पाहुण्यांनी विचारले की मी सांगत आले, "सासूबाईंनी शिकवला." ते खरे आहे, परंतु पुरते नाही. मक्याशी माझी ओळख सासरी झाली नाही. ती उकव्याला झाली, आणि ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. सांगावयाची वेळ आली ती मात्र गोव्याच्या समुद्रकाठी, आणि तीही एका कोरियन पदार्थापायी!

झाले असे. गेल्या जानेवारीत मुलीने आणि नातीने मला कळंगुटला नेले. नात कॉलेजात आहे. तिच्या पिढीला कोरियाचे वेड. तिथल्या नाटकमालिका ती रात्र रात्र पाहते, तिथली गाणी गुणगुणते आणि 'नमस्कार', 'आभार' वगैरे शब्द कोरियन भाषेत म्हणून दाखवते. संध्याकाळी किनाऱ्यावरून परतताना रस्त्याच्या कडेला एक गाडी दिसली. गाडीवर रंगीत पाटी, भोवती तरुण मंडळींची दाटी. नात म्हणाली, "आजी, कोरियन कॉर्नडॉग! तुला खायलाच हवा." मी म्हटले, "अगं, नावातच कुत्रा आहे, आणि मी तर अंडेसुद्धा खात नाही." ती हसली. म्हणाली, "चीजचा मिळतो. तू ये तर."

आपल्याकडे कुल्फीला काडी असते तशी बांबूची काडी. तिच्यावर वीतभर लांब, सोनेरी तळलेले काहीतरी. आत मोझरेला नावाचे मऊ चीज; सामिष मंडळींसाठी त्याऐवजी मांसाची कांडी, किंवा अर्धे हे आणि अर्धे ते. बाहेर घट्ट आंबवलेल्या पिठाचा लपेटा, त्यावर पावाचा चुरा किंवा बटाट्याचे बारीक चौकोनी तुकडे चिकटवलेले. कढईतून काढला की गरम असतानाच साखरेत घोळवायचा, आणि वर टोमॅटोचे सॉस व मोहरीचे पिवळे सॉस नागमोडी ओतायचे. तळणावर साखर हे ऐकून माझ्या कपाळाला आठी पडली होती. पण खोटे कशाला सांगू, पहिल्या घासाला ती आठी गेली. बाहेर बटाट्याचा कुरकुरीतपणा, मग मऊ पोळीसारखा थर, मग चीजची लांबच लांब तार. नातीने ती तार हातभर ओढून फोटो काढला. समोर सूर्य बुडत होता, वारा खारा होता, आणि मी सत्तरी ओलांडलेली बाई काडीवरचा पदार्थ लहान मुलासारखा खात उभी होते. मौज वाटली, हे मान्य करते.

मात्र खाता खाता एक गोष्ट खटकली. मका कुठे आहे? आयुष्यभर मका किसलेल्या जिभेला मक्याची चव लपत नाही. मी गाडीवरच्या मुलाला विचारले, "बाळ, यात मक्याचे पीठ किती?" तो म्हणाला, "आजी, मका नाही. मैदा आणि थोडे तांदळाचे पीठ." नावात मका आणि पदार्थात मक्याचा कणही नाही! दोनशे रुपये देऊन मी जे खाल्ले ते नुसते मक्याचे नाव होते. हसू आले, आणि का कोण जाणे, थोडे चुटपुटल्यासारखेही झाले.

या नावाचा उलगडा नातीने आणि मी मिळून केला, तो वाचकांनाही रंजक वाटेल. मूळचा कॉर्नडॉग अमेरिकेचा. तेथे मांसाची कांडी पावात घालून खातात, तिला 'हॉटडॉग' म्हणतात. ती काडीला टोचून पिठात बुडवायची आणि तळायची, अशा कृतीच्या उपकरणाचे पेटंट बफेलो शहरच्या स्टॅन्ली जेंकिन्स नावाच्या गृहस्थाने १९२७ साली मागितले आणि १९२९ साली त्याला ते मिळाले. पुढे ऑरेगॉन प्रांतात रॉकअवे बीच नावाच्या समुद्रकाठच्या गावी बॉइंग्टन पतिपत्नी खाद्याचे दुकान चालवीत. पावसाने त्यांचे पाव भिजून वाया गेले, तेव्हा पावाला पर्याय म्हणून कांडीभोवतीच पीठ लपेटून तळण्याची युक्ती त्यांना सुचली, अशी कथा सांगतात. टेक्सासच्या जत्रेत फ्लेचर बंधूंनी १९४२ च्या सुमारास तो लोकप्रिय केला. म्हणजे एका अर्थी पदार्थ जत्रेचा आणि समुद्रकाठचाच. त्या अमेरिकन पिठात मका असे, म्हणून नाव कॉर्नडॉग. कोरियात तो गेला तेव्हा मका गळाला. तेथे त्याला नुसते 'हॉटडॉग' म्हणतात. तेथून तो जगभर निघाला तेव्हा जुने नाव पुन्हा चिकटले, मका मात्र परत आला नाही.

कोरियाचे नाव निघाले तेव्हा मीही नातीला दोन गोष्टी ऐकवल्या. १९५० साली तेथे लढाई पेटली. भारताने तेथे सैन्य लढावयास धाडले नाही, जखमींची शुश्रूषा करणारे वैद्यकीय पथक धाडले. आणि १९५३ साली तह झाल्यावर युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी जे भारतीय दल गेले त्याचे सेनापती होते जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे, आपले मराठी गृहस्थ. दोन्ही बाजूंचे हजारो संतापलेले कैदी, आणि एकावरही शक्यतो गोळी न झाडता त्यांना सांभाळायचे. मोठे नाजूक काम होते ते. नात म्हणाली, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही." लढाईने बेचिराख झालेल्या त्या देशात पुढे अमेरिकेचे मदतीचे गव्हाचे पीठ आले आणि भात खाणारी माणसे पिठाचे पदार्थ करू लागली. आपल्याकडेही १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू येऊ लागला होता. रेशनच्या रांगेतला तो लाल गहू आणि ती मिलो माझ्या वयाच्या वाचकांच्या जिभेवर अजून असेल. उपाशी देशाच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याचे धान्य कसे शिरते, हे आम्हाला कोरियाकडून शिकायला नको.

आणि मका तरी मूळचा आपला कुठे आहे? तो मेक्सिकोकडचा. कोलंबसानंतर तो जहाजांतून जगभर पसरला, आणि आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला असे मानतात. बटाटाही त्याच वाटेचा. 'बटाटा' आणि 'पाव' हे आपले शब्दच मुळी पोर्तुगीज आहेत. ज्या किनाऱ्यावर मी उभी होते, तसल्याच किनाऱ्यावर चारपाचशे वर्षांपूर्वी ही परकी मंडळी उतरली असतील. पण पुढे मका कुठे कुठे गेला? घाट चढला, माळवा पाहिला, आणि कुठल्याशा वाटेने सातपुड्याच्या रानात, गोंड-बैगांच्या झोपडीमागच्या बाडीत जाऊन उभा राहिला. तिथे मी त्याला पहिल्यांदा भेटले.

उकवा हे नाव बहुतेक वाचकांनी ऐकले नसेल. बालाघाटहून बैहरच्या रस्त्याने घाट चढून सुमारे चाळीस किलोमीटर गेले की पठारावर हे गाव लागते. भोवती साग, साज आणि बांबूचे रान; आणि जमिनीच्या पोटात मँगनीज. पोलाद करावयास मँगनीज लागते, आणि त्यासाठी इंग्रज कंपन्यांनी गेल्या शतकाच्या आरंभी हा मुलूख पोखरावयास सुरुवात केली. १९६२ साली त्या जुन्या कंपनीच्या जागी सरकारी भागीदारीची 'मॅंगनीज ओर (इंडिया)' कंपनी आली. तिलाच आज 'मॉयल' म्हणतात, आणि तिचे मुख्य ठाणे नागपुरास आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, खाणीच्या कचेरीत कारकून होते. नागपूरचा माणूस बालाघाटला नोकरीला गेला तेव्हा एकाच प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला प्रांतरचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिले, आणि अण्णा जागचे न हलता परप्रांतीय झाले! घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी आणि गोंडी, अशा चार भाषांत आम्ही भावंडे वाढलो.

आमच्या घरामागे कुडाच्या पलीकडे एका गोंड कुटुंबाचे घर होते. बाप खाणीत कामाला, आई बाडी करी. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही बरोबरच शाळेत जायचो. त्यांच्या बाडीत पावसाळ्यात मका डोक्याच्या वर वाढे. त्या मक्याचे महत्त्व आम्हा पगारी घरांना कळण्याजोगे नव्हते. धान कापणीला येते ते आश्विन-कार्तिकात. गेल्या सालचे धान्य श्रावणातच संपलेले असते. मधल्या त्या रिकाम्या दिवसांत बाडीतला मका पहिला तयार होतो आणि घर तगवतो. मका भरडून, भरपूर पाण्यात शिजवून पातळ पेज करतात. मीठ घालून सगळे घर तीच पिते. खाणीत जाणारा माणूसही तीच पिऊन जातो.

१९६६ सालचा भाद्रपद असावा. सलग दुसरे दुष्काळी साल. शाळेतून येताना मी मैत्रिणीच्या घरी थांबले, आणि तिच्या आईने आम्हा दोघींना पानाच्या दोन्यांतून पेज दिली. किंचित आंबूस, धुराचा वास असलेली, गरम. मला ती इतकी आवडली की मी दुसरा दोना मागितला, आणि तिने दिला. घरी येऊन मी ते आनंदाने आईला सांगितले.

माझी आई वाईट बाई नव्हती. सोवळे कडक होते, परगावची भीती होती, आणि त्या काळच्या बाईला जे बरोबर वाटे ते ती करी. दुसऱ्या दिवशी ती कुडापाशी गेली आणि म्हणाली, "आमच्या मुलीला काही खायला देत जाऊ नका." एवढेच. आवाज चढला नाही, भांडण झाले नाही. ती माउली "हो बाई" म्हणाली. पण त्यानंतर मैत्रीण आमच्या दारी आली नाही, आणि मीही, मनात असून, कूड ओलांडून गेले नाही. दहा-बारा वर्षांची मुलगी मी. आईपुढे बोलण्याची छाती नव्हती. पुढे शिक्षण, लग्न, इंदूर. मी दुसरा दोना मागितला तो त्या घरातल्या कोणाच्या तरी वाटणीचा होता, हे मला कळावयास मी स्वतः घर चालवू लागेपर्यंतची वर्षे लागली.

हे सारे त्या संध्याकाळी कळंगुटला आठवले, आणि मी नातीला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी, ती अजून तिथेच आहे का?" मी म्हटले, "आहे. भाऊ सांगतो कधी कधी." माझा धाकटा भाऊ खाणीतून निवृत्त होऊन उकव्यालाच घर बांधून राहिला आहे. "मग आपण जाऊ," नात म्हणाली, "आणि मी तुम्हाला खरा मका घातलेला कॉर्नडॉग करून देईन." या वयाच्या मुलांना प्रत्येक दुखण्यावर काहीतरी कृती करायची असते. मी हो म्हटले.

भाद्रपदात पोळ्याच्या सुमाराला आम्ही गेलो. नागपूर, गोंदिया, बालाघाट, आणि मग घाटाची बस. उकवा बदलले आहे आणि नाहीही. पाऊस तसाच, लाल-काळा चिखल तसाच. भावाने मैत्रिणीला निरोप दिला होता, ती आली. केस माझ्यापेक्षा पांढरे, पाठ माझ्यापेक्षा ताठ. "आलीस?" म्हणाली, जणू मी काल शाळेतून परस्पर घरी गेले होते. पदरात तिने बाडीतली सहा कणसे आणली होती.

नातीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मोझरेला उकव्याला कुठून मिळणार! वहिनीने बालाघाटहून आणवलेले पनीर होते. त्याच्या बोटभर लांबीच्या कांड्या कापल्या, तिखटमीठ लावले. बांबूला तोटा नाही. भावाने शेजारून हिरवा बांबू आणून काड्या तासल्या. मक्याचे पीठ गिरणीतून दळून आणलेले. नातीने ते पाण्यात कालवले, कांडी बुडवली, तेलात सोडली, आणि सगळे पीठ कढईत पसरून कांडी उघडी पडली. दुसरी, तिसरी, तीच गत. मैद्याला चिकटपणा असतो, तो मक्याच्या पिठाला नसतो. ज्यांनी मक्याची भाकरी थापली आहे त्यांना हे सांगायला नको. "थोडा मैदा घालू का?" नात रडवेली होऊन विचारू लागली. मी म्हटले, "मैदाच घालायचा तर कळंगुट काय वाईट होते?"

मैत्रीण दारापाशी बसून हे पाहत होती. ती तिच्या हिंदी-मराठी बोलीत म्हणाली, "अगं पोरी, आधी पेज कर ना."

क्षणभर स्वयंपाकघरात कोणी बोलले नाही. मग ती उठली, एका भांड्यात पाणी उकळत ठेवले, त्यात मूठभर पीठ घालून ढवळत राहिली. पेज घट्ट झाली, चकाकू लागली. ती उतरवून तिच्यात उरलेले कोरडे पीठ मिसळले. आपण तांदळाच्या भाकरीला उकड काढतो, तेच हे; शिजलेले पीठ न शिजलेल्याला धरून ठेवते. मला हे सुचायला हवे होते, पण सुचले नाही. आता कांडीला आधी कोरडे पीठ लावले, मग तो घट्ट लगदा हाताने लपेटला, वर बटाट्याचे बारीक तुकडे दाबले, आणि तेलात सोडले. सुटले नाही. सोनेरी होऊन वर आले. नातीने टाळ्या वाजवल्या.

आम्ही ओसरीवर बसून खाल्ले. चीजची तार नव्हती, साखर मी घालू दिली नाही. तिच्याऐवजी टोमॅटोची तिखट चटणी होती. पण तोंडात मका होता. भाऊ म्हणाला, "ताई, हा बटाटेवड्याचा चुलतभाऊ आहे." त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

पाऊस लागला होता. नात आत गेली तेव्हा मी मैत्रिणीला म्हटले, "तुला तो दिवस आठवतो का? आई कुडापाशी आली होती तो?"

"आठवतो."

"माझं चुकलं. मी यायला हवं होतं. तुझ्या आईला वाईट वाटलं असेल."

ती काडी बोटांत फिरवीत राहिली. मग म्हणाली, "आईला राग नव्हता आला. तिला वाटलं, पेजेनं तुझं पोट बिघडलं. मका जुना होता का, पाणी बरं नव्हतं का, म्हणून किती दिवस विचारायची. मला म्हणायची, शाळेत बघ, ती बरी आहे का."

मला वाटत होते की आमच्याकडून त्या घराचा अपमान झाला, आणि ते खरेच आहे. परंतु त्या माउलीने तो अपमान म्हणून घेतलाच नव्हता. तिने तो स्वतःच्या हातचा दोष म्हणून घेतला, आणि दुसऱ्याच्या मुलीची काळजी करीत राहिली. माझ्या तोंडचे एक वाक्य, 'मला काही झाले नाही, मला ती पेज फार आवडली,' एवढे तिला पुरले असते. शाळेच्या वाटेवर मैत्रिणीपाशीसुद्धा मी ते बोलले नाही, आणि आता ऐकणारी राहिली नव्हती. मी ते मैत्रिणीला सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस," आणि डोळे पुसले नाहीत, मीही नाही. पाऊस पाहत दोघी बसलो.

निघताना नातीने तिला विचारले, "आजी, कसा झाला होता आमचा कॉर्नडॉग?" ती हसून म्हणाली, "चांगला झाला. पण काडी कशाला गं तासत बसता? कणसाला देवानं दांडा दिलेलाच आहे."

इंदुरास परतल्यावर पाऊस होताच. परवा चार मंडळी आली होती, कीस केला. एका सूनबाईंनी विचारले, "काकू, हा हात कोणाचा?" मी म्हटले, "कीस सासूबाईंचा. मका मात्र उकव्याच्या आमच्या शेजारणीचा." मग सारी हकीकत सांगावी लागली. कीस गार झाला, पण कोणी तक्रार केली नाही.